‘थांब, पगार वाढवतो’: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

दसरा जवळ आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. उन्हाळ्यात ‘पगार थकला’, पावसाळ्यात ‘कामावरून कमी केलं’, आणि कापसाचा हंगाम तोंडावर आला की ‘दुसरीकडे नोकरी लागली, होकार दिला, इकडे राजीनामा दिला, तर आता जुने मालक म्हणतात थांब, पगार वाढवतो’. शहरातली मंडळी याला काउंटर ऑफर म्हणतात. वणी, आर्वी, अकोटकडे तेवढं मोठं नाव नाही, पण प्रकार तोच आहे आणि घोळही तोच. म्हणून सगळ्यांना एकत्रच उत्तरं देतो. नावं मुद्दाम गाळली आहेत.

प्रश्न : मॅनेजर साहेब राजीनामा हातातच घेत नाहीत. ‘मी मंजूर केला नाही तर तू जाशील कसा?’ म्हणतात. (दाल मिल, अकोला जिल्हा)

जाल. नियुक्तीपत्रात जेवढी नोटीस लिहिली आहे तेवढी द्या, आणि राजीनामा ईमेलने किंवा स्पीड पोस्टाने, पोहोचल्याचा पुरावा मिळेल अशा रीतीने पाठवा. रजिस्टर पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली आहे, तेव्हा ‘आता रजिस्टर एडी नाही तर राजीनामा द्यायचा कसा’ हे पुन्हा विचारू नका. नियुक्तीपत्रच मिळालेलं नसेल तर आधी पगाराच्या पावत्या घेऊन कामगार कार्यालयात जा.

प्रश्न : मी जिनिंगमध्ये हेड फिटर आहो. आदिलाबादकडच्या जिनिंगवाल्यानं महिन्याला 6 हजार जास्त देतो म्हटलं, मी हो म्हणून बसलो. आता आमचे शेठ म्हणते, 5 हजार वाढवतो, वरून 60 हजार उचल घे, कुठी जाऊ नको. फक्त सही केलेला एक चेक आन पाचशेच्या स्टॅम्पवर सही देऊन ठेव म्हणते. शेठ माणूस चांगला आहे. काय करू? (वणी तालुका)

चेक देऊ नका. बाकीचं सगळं नंतर.

भाऊ, शेठ चांगले असतील. चांगल्या माणसाला कोरा चेक कशाला लागतो, एवढं एक विचारून बघा. नीट मांडलं तर वाढ आहे 5 हजारांची, तीही तोंडी. आणि 60 हजार ही वाढ नाहीच, ते कर्ज आहे. फेडायचं तुम्ही, बांधलं जायचं तुम्ही, आणि उपकार मात्र शेठजींचे. ‘पगार वाढवला’ असं सांगून उचल हातात टेकवायची, ही चाल मी या पट्ट्यात इतक्यांदा बघितली आहे की आता पत्राची पहिली ओळ वाचली तरी पुढचा चेक दिसतो.

सही केलेल्या कोऱ्या चेकबद्दल गावात ज्या गोष्टी सांगतात त्या सोडून द्या. ‘रक्कम आपल्या अक्षरात नसली की केस टिकत नाही’, हे खोटं आहे. सही तुमची असेल आणि चेक तुम्ही स्वतः दिलेला असेल, तर बाकीचं समोरच्याने भरलं तरी देणं आहे असंच न्यायालय आधी धरून चालतं. ते नाही हे दाखवायची जबाबदारी तुमच्यावर येते. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये हे स्पष्ट सांगितलं आहे. ‘खातंच बंद करून टाकतो’ हाही उपाय नाही, त्यावरही कलम 138, म्हणजे चेक न वटल्याचा गुन्हा, लागतं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ज्यांनी चेक आधीच देऊन ठेवला आहे त्यांनी वकिलाची नोटीस आली तर ती फ्रिजवर ठेवून देऊ नका. नोटीस मिळाल्यापासून 15 दिवस महत्त्वाचे असतात. सोळाव्या दिवशी लोक माझ्याकडे येतात.

आता कॅलेंडर बघा. शेठजींना तुमची किंमत मे महिन्यात का कळली नाही? तेव्हा मशीन बंद होत्या. आता दिवाळीनंतर गाड्या लागतील, कापसातली सरकी वेगळी करणाऱ्या डबल रोलर मशीनच्या रांगा दिवसरात्र चालतील. रोलरला खाचा मारणं, सुरी आणि रोलर यांचं सेटिंग जुळवणं हे नवख्याच्या हातून होत नाही. सेटिंग चुकलं की सरकी तुटून रुईत जाते आणि 170 किलोच्या गाठीमागे भाव पडतो. म्हणजे आज तुमच्याविना शेठजींचं अडतं, हे खरं आहे. पण हंगाम मार्च-एप्रिलकडे संपतो. त्यानंतर 5 हजार राहणार का? गरज सरो, वैद्य मरो. उन्हाळ्यात वाढ बंद आणि उचलीची कापणी चालू, असा तुमचा मे जाईल.

थांबायचंच असेल तर शेठजींना एका साध्या कागदावर इतकं मागा: नवा पगार किती, कोणत्या तारखेपासून, तो बाराही महिने की फक्त हंगामात, आणि राजीनामा मागे घेतला असून नोकरी अखंड धरली आहे. खाली सही-शिक्का. उचल घेऊच नका, आणि पाचशेच्या स्टॅम्पवर सही तर नाहीच. हा कागद द्यायला नकार मिळाला तर बोलाचीच कढी आहे, आदिलाबादची वाट धरा. मात्र तिथल्या मालकाकडूनही हाच कागद घ्या; तोही अजून तोंडीच आहे, हे तुमच्या पत्रात तुम्ही हळूच लपवलंय.

‘उचल फिटल्याशिवाय जाऊ देणार नाही’ अशी धमकी कोणाला मिळत असेल, तर कर्जापोटी माणूस अडकवण्यावर 1976 च्या कायद्याने बंदी आहे. तुमचं प्रकरण त्या कायद्यात बसतं का, हे कागद बघून वकीलच सांगेल. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. औद्योगिक कामगारांना आणि स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हे वाचून दुसऱ्याला सांगत बसू नका, स्वतः जा.

प्रश्न : मायक्रोफायनान्समध्ये फिल्ड ऑफिसर आहे. हातात 19,500 पडतात. नव्या कंपनीचं 26 हजार सीटीसीचं पत्र आलं तर आमच्या ब्रँच मॅनेजरनी 27 हजार सीटीसी करून देतो म्हटलं. मोठा आकडा कोणाचा हे तर दिसतंच आहे ना? (दिग्रस)

दिसत नाही. सीटीसी म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च, हातात पडणारा पगार नव्हे. त्यात मालकाचा पीएफचा हिस्सा, ग्रॅच्युइटीची (काही वर्षं नोकरी करून सोडताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांची) तरतूद, विम्याचा हप्ता आणि कधी कधी वसुलीवर अवलंबून असलेला इन्सेंटिव्हही घुसडलेला असतो. दोन्हीकडून एकच विचारा: वसुली शून्य झाली तरी महिन्याच्या शेवटी खात्यात किती पडणार? पेट्रोलचे पैसे वेगळे की त्यातच, हेही. दोन्ही पत्रं एखाद्या जाणत्या लेखापालासमोर ठेवा.

प्रश्न : माझे मिस्टर बुटीबोरीला कायम कामगार आहेत. 4 वर्षं 5 महिने झाले. नवीन ठिकाणी 4 हजार जास्त आहेत. कंपनी म्हणते 2,600 वाढवतो, थांबा. शेजारचे म्हणतात साडेचार वर्षं झाली की ग्रॅच्युइटी मिळतेच, मग थांबायचं कशाला?

शेजाऱ्यांना ग्रॅच्युइटीचा अर्ज भरायला सांगा. साधारण अट पाच वर्षांची आहे. चार वर्षांनंतर पाचव्या वर्षी 240 दिवस भरले तर चालतं, असा मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल आहे, पण पुष्कळ कंपन्या तो मानत नाहीत आणि तुम्हाला भांडावं लागतं. साडेचार वर्षं हा आकडा मात्र कुठलाच नाही.

तुमचा हिशोब मी करून बघितला, कारण इथे थांबण्यात खरंच अर्थ असू शकतो. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 15,600 लिहिलेत. वाढ मूळ पगारात धरली तर 18,200 होतात. त्याला 26 ने भागून 15 ने गुणलं की वर्षाला 10,500, पाच वर्षांचे 52,500. नव्या ठिकाणी 1,400 महिना जास्त, म्हणजे उरलेल्या सात महिन्यांत 9,800. फरक तुम्हीच बघा. पण दोन अटी. वाढ मूळ पगारात हवी. ‘स्पेशल अलाउन्स’ या नावाखाली टाकली तर ती ग्रॅच्युइटीत धरायची की नाही यावरच वाद होतो. आणि राजीनामा मागे घेतल्याचं पत्र हवं. काही ठिकाणी राजीनामा मंजूर करून दुसऱ्या दिवशी नवं नियुक्तीपत्र देतात, माणूस खूश होतो आणि साडेचार वर्षं पाण्यात जातात. जुनं पत्र ‘ठरावीक मुदतीचं’ निघालं तर नियम वेगळा: नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशांना एक वर्षानंतर ग्रॅच्युइटी आहे. म्हणून सही करण्याआधी जुनं आणि नवं दोन्ही पत्रं कामगार सल्लागाराला दाखवा.

प्रश्न : बियाणं-कीटकनाशक कंपनीत आहे. पगार तोच, पण ‘एरिया मॅनेजर’ करतो म्हणतात. युट्यूबवर सांगतात काउंटर ऑफर घेणारे 80 टक्के लोक सहा महिन्यांत बाहेर पडतात. आणि आमच्या पत्रात दोन वर्षं प्रतिस्पर्धी कंपनीत जायचं नाही असं लिहिलंय. (मोर्शी)

ते 80 टक्के कोणी, कुठे, कधी मोजले हे तो युट्यूबवाला सांगत नाही, तेव्हा मीही त्यावर बोलत नाही. पगार तोच असेल तर मॅनेजर हे फक्त व्हिजिटिंग कार्ड आहे. टार्गेट मात्र वाढेल. नोकरी सोडल्यानंतरची बंदी 1872 च्या करार कायद्याच्या कलम 27 पुढे सहसा टिकत नाही. पण त्यावरून ‘बाँडला काही किंमतच नसते’ असा अर्थ काढू नका. ठरलेल्या मुदतीआधी सोडलं तर 2 लाख भरायचा एका बँकेचा बाँड सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये वैध ठरवला आहे. तुमच्या पत्रात नक्की कोणतं कलम आहे, ते वकिलाने वाचू द्या.

प्रश्न : शाळेच्या संस्थेकडे माझी मूळ प्रमाणपत्रं आहेत. ‘जूनपासून वाढवू, तोवर कागद इथेच राहू दे’ म्हणतात. (शिक्षिका, देसाईगंज)

आधी प्रमाणपत्रं, मग वाढीची गोष्ट. लेखी मागा, पोच घ्या. दिली नाहीत तर विधी सेवा समितीत जा, जूनची वाट बघू नका.

प्रश्न : पीएफ काढून घेऊ का? इथे थांबलो काय, गेलो काय. (हिंगणघाट)

नाही. गेलात तर ट्रान्सफर करा. पाच वर्षांच्या आत काढला तर कर लागू शकतो, आणि पेन्शनला दहा वर्षं भरावी लागतात. थांबलात तर उमंग ॲपवर बघा, कंपनीने घाईघाईत तुमची नोकरी सोडल्याची तारीख टाकून ठेवली नाही ना.

प्रश्न : थांबायचं ठरवलं. नव्या कंपनीला काय सांगू? फोन आला की उचलतच नाही. (भंडारा)

फोन उचला. आजच, दोन ओळींचं लेखी उत्तर पाठवा: येत नाही, क्षमस्व. कारणांची यादी नको, आजीच्या आजारपणाची थाप तर मुळीच नको. त्यांनी प्रवासाचे किंवा जॉइनिंगचे पैसे दिले असतील तर ते परत करा, आणि त्यांच्या पत्रावर तुमची सही झाली असेल तर उत्तर पाठवण्याआधी ते पत्र जाणकाराला दाखवा. मात्र इकडची वाढ कागदावर आली आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. आली नसेल तर ते उत्तर अजून पाठवू नका.