रोज पाणी घालूनही घरातल्या फायकस बोन्सायची पानं का गळतात?

रोज पाणी घालताय, तेच चुकतंय. आणि झाड नुकतंच जागेवरून हलवलं असणार.

माझं नांदरुक आहे, वड-पिंपळासारखाच फायकसचा एक प्रकार. जुन्या घराच्या गच्चीच्या भिंतीत उगवलेलं रोप, 2009 साली उपटून ट्रेमध्ये लावलं. तीन वर्षांपूर्वी ऐन गणपतीत मला चार दिवस नागपूरला जावं लागलं. तेवढ्यात दादाने ते बाल्कनीतून उचलून हॉलमध्ये मखराशेजारी ठेवलं, शोभेला म्हणून. जाड पडदे, दिवसभर एसी, वर सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी. मी आलो तेव्हा सतरंजीवर पिवळ्या पानांचा सडा होता. फांदीला बोट लागलं की आणखी चार पडायची. दादा म्हणाला, "मेलंय ते, निर्माल्याबरोबर जाऊ दे."

नखाने साल खरवडली. आत हिरवंगार, वर पांढरा चीक आला. त्याच संध्याकाळी झाड पूर्वेच्या कठड्याशी नेलं आणि पाणी बंद केलं. अगरबत्तीची जळून उरलेली काडी मातीत दोन बोटं खुपसायची, दहा मिनिटांनी काढायची. ओलसर निघाली तर पाणी नाही. पहिलं पाणी पाचव्या दिवशी दिलं. खत नाही, ट्रे बदलला नाही. दसऱ्याला शेंड्यांवर टोकदार कोंब आले होते.

उजेड कमी झाला की झाड पाणी कमी ओढतं, माती ओलीच राहते, मुळं गुदमरतात. तुमच्याकडे हेच चाललंय.

दादा अजून म्हणतो, बोन्साय म्हणजे झाडाचा छळ, म्हणून ते टिकत नाही. साफ चूक. नांदरुक, वड, पिंपळ भिंतीच्या फटीत मूठभर मातीवर वर्षानुवर्षं जगतात. माझ्या झाडाला तर वेळेवर खतपाणी मिळतं. त्याचे हाल झाले ते त्या अंधाऱ्या हॉलमध्ये, आणि ते कोणी नेलं हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

एक राहिलं. पानं चिकट लागत असतील आणि देठाशी तपकिरी खवले दिसत असतील तर ती खवले कीड. हाताने खरवडून काढा, मग कडुनिंबाचं तेल फवारा. मुळांना कुजकट वास येत असेल तर मात्र माती बदलावीच लागेल. पिंपळ असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होणारच, घाबरू नका. फायकस नसून जुनिपर (सूचिपर्णी झाड) असेल तर आजच बाहेर काढा, ते खोलीत जगत नाही.

आणि गावाला जाताना घरच्यांना बजावून जा, ट्रेला हात लावायचा नाही.