शेकाप नक्की मार्क्सवादी होता का? त्यात गट कोणते होते?

तुमचा प्रश्न रास्त आहे: शेतकरी कामगार पक्षाचा झेंडा लाल, ठराव मार्क्सवादाचा आणि मतदार गावाकडचा जमीनवाला शेतकरी, मग आत गट कोणते?

सुरुवातीला तीन प्रवाह होते, असं मी म्हणेन. १९४७-४८ मध्ये काँग्रेसशी फारकत घेणाऱ्यांत केशवराव जेधे होते. ते मुरलेले सत्यशोधक-ब्राह्मणेतर चळवळीत; त्यांचा राग शेटजी-भटजींच्या वर्चस्वावर. दुसरे शंकरराव मोरे, पक्षाला सैद्धान्तिक बैठक देणारे. १९५० मध्ये मालेगावजवळच्या दाभाडीला पक्षाने मार्क्सवाद-लेनिनवाद स्वीकारला, तो त्यांच्याच मांडणीवर; हाच दाभाडी प्रबंध. तिसरे दत्ता देशमुखांसारखे, नवजीवन संघटनेतून आलेले कट्टर डावे.

गंमत म्हणजे दाभाडी प्रबंधानंतर यांतलं कोणीच पक्षात टिकलं नाही. कट्टर डावे लवकरच बाहेर पडले, त्यांतून पुढे लाल निशाण पक्ष उभा राहिला. पत्री सरकारवाले नाना पाटील कम्युनिस्ट पक्षात गेले. जेधे काँग्रेसमध्ये परतले. आणि प्रबंध मांडणारे मोरे? तेही काँग्रेसमध्येच!

त्यानंतर विचारांच्या गटांपेक्षा जिल्ह्यांचे बालेकिल्ले महत्त्वाचे झाले. कोल्हापूरकडे एन. डी. पाटील, सांगोल्यात तब्बल अकरा वेळा आमदार झालेले गणपतराव देशमुख, रायगडात अलिबागचं पाटील घराणं. मार्क्सवादाची पोथी सर्वांत जास्त जपली ती एन. डीं.नी. तरी १९७८ च्या शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) आघाडी सरकारात एन. डी. आणि गणपतराव दोघेही मंत्री होते, म्हणजे सत्तेचं वावडं कुणालाच नव्हतं. माझ्या मते पक्षाचं खरं तेज ठरावांपेक्षा जमिनीच्या लढ्यांत दिसलं. १९८४ मध्ये उरण-पनवेलच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. तिथे मार्क्स कोणी वाचला होता की नाही, हा प्रश्नच गैरलागू. हेच दि. बा. १९९९ मध्ये शिवसेनेत गेले.

२०२४ च्या विधानसभेत पक्षाची एकच जागा आली, सांगोल्याची, गणपतरावांच्या नातवाची. अलिबाग पुन्हा हातचं गेलं. पुढच्याच वर्षी अलिबागचे शेकाप नेते जयंत पाटलांचे बंधू, माजी आमदार पंडित पाटील भाजपमध्ये गेले. या फुटीत दाभाडीशी नातं असलेला वाद मला तरी कुठे दिसत नाही.