राखुंडी म्हणजे शेण नव्हे गं

मनू, परवा व्हिडिओ कॉलवर आजी सांगत होती की आम्ही लहानपणी राखुंडीनं दात घासायचो, आणि राखुंडी म्हणजे गोवरीची राख हे कळल्यावर तू पटकन विचारलंस, "म्हणजे शेणानं? तुम्ही एवढे गरीब होतात?" आजी हसली, मी पण हसले. पण रात्री ते 'गरीब' काही डोक्यातून जाईना, म्हणून लिहितेय.

पैसा फार नव्हता हे खरं, पण राखुंडी काही त्यामुळे नव्हती, आळीत सगळ्यांकडेच असायची. कोरेगावच्या घरी न्हाणीघरातल्या चुलीत गोवऱ्या जळायच्या, राख गार झाली की तुझी पणजी ती जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायची, मग त्यात मीठ, कुटलेली लवंग, आणि डालड्याच्या रिकाम्या डब्यात भरायची. सकाळी डाव्या तळहातावर चिमूटभर घेऊन परसात दगडावर उकिडवं बसायचं आणि बोटानं घासायचं, कचकच आवाज यायचा. चूळ टाकली की राखाडी ओघळ पेरूच्या झाडाकडे निघायचा, मी आणि संजूमामा कोणाचा लांब जातो ते बघत बसायचो, शाळेला उशीर व्हायचा आणि लिंबाची काडी चावत उभे असलेले आप्पा तोंडातली काडी न काढताच ओरडायचे.

सगळं भारी होतं असं नाही म्हणत हं. पणजी स्वतः मशेरी लावायची, म्हणजे तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखू, दात घासायचं नुसतं निमित्त, दिवसातून चार-पाचदा लागायची तिला. ते व्यसनच होतं. आणि राख खरखरीत, रोज घासून दातावरचं कवच झिजतं. तुझ्या ट्यूबमागे १४५० पीपीएम फ्लोराइड लिहिलंय ना, ते दात किडू देत नाही, राखेत ते कुठून येणार? काडी चावूनही आप्पांना शेवटी कवळीच लागली. त्यामुळे तू तुझी पेस्टच वापर, दोन मिनिटं, आणि गिळू नकोस.

(आता कोळशाची काळी पेस्ट महाग विकतात वगैरे जोक मी करणार नाही, तो मामा करेलच.)

खरं सांगू, मला लागलं ते वेगळंच. बारावीनंतर पुण्याला हॉस्टेलवर जाताना आईनं बाटलीत राखुंडी भरून दिली होती. रूममेटनं विचारलं हे काय, तर मी म्हणाले, भांडी घासायची पावडर. तसं अगदीच खोटं नव्हतं, भांडीही राखेनंच घासायचो. पण दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानातून पेस्ट आणली आणि बाटली ट्रंकेत तळाशी गेली. आईला अजून सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

डिसेंबरमध्ये जाऊ तेव्हा आजी थोडी करून ठेवणार आहे म्हणाली. तोंडात घालायची काही सक्ती नाही. नुसता वास घेऊन बघ, लवंगेचा येतो.

आई