भाड्याच्या मोटरबोटीवरची लाल दोरी अंगाला अडकवायलाच हवी का?

हो, बोट चालवणाऱ्याने ती अडकवायलाच हवी. तुम्ही अमेरिकेत तळ्यावर जाणार असाल, तर तिथल्या तटरक्षक दलाच्या नियमानुसार 26 फुटांहून लहान बोटीवर किल स्विच (इंजिन झटकन बंद करणारा स्विच; लाल दोरी क्लिपने यालाच जोडलेली असते) बसवलेला असेल, तर वेगात जाताना त्याची दोरी किंवा वायरलेस प्रकार वापरणं 1 एप्रिल 2021 पासून सक्तीचं आहे. कारण असं, की लाटेच्या दणक्याने चालक बाहेर फेकला गेला की सुकाणू मोकळं सुटतं, पंख्याच्या जोराने एका बाजूला वळतं आणि बोट गोल फिरून पडलेल्या माणसावरच येते. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही तिथून निसटणं कठीण. दोरीला हिसका बसला की क्लिप निघते आणि इंजिन बंद पडतं.

निघण्याआधी धक्क्यावरच न्यूट्रलमध्ये इंजिन सुरू करून दोरी ओढून बघा. बंद झालं नाही तर सरळ दुसरी बोट मागा. जादा क्लिपही मागून घ्या (हे सहसा कोणी सांगत नाही): चालक दोरीसकट पाण्यात गेला, तर क्लिपशिवाय मागच्यांना इंजिन सुरू करून त्याच्यापर्यंत जाता येत नाही.

धक्क्याला लावताना सावकाश चालवत असाल किंवा सुकाणू बंद केबिनमध्ये असेल तर ही सक्ती नाही. शिवाय हा केंद्रीय नियम प्रत्येक तळ्याला लागू नसतो, तेव्हा त्या राज्याचा नियमही पाहा. लाइफ जॅकेट मात्र दोरी असली तरी घालायचंच, दोरी फक्त इंजिन थांबवते.