कंपन्यांच्या जमिनीचा सर्व्हे: दहा टक्के गावांवरून काढलेला आकडा कितपत धरावा?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: कोल्हापूर जिल्ह्यात कंपन्यांच्या मालकीची जमीन किती, यावर एक अहवाल तुमच्या वाचनात आला. त्यांनी दहा टक्के गावं चिठ्ठ्या टाकून निवडली, तिथले सातबारे तपासले, बेरीज केली आणि दहानं गुणली. खाली 'चूक फार तर अमुक टक्के' असंही छापलंय. हा आकडा खरा मानायचा का? आणि दहाऐवजी वीस टक्के गावं घेतली असती तर भागलं असतं का?

मी कोल्हापुरातच राहतो. पोटापाण्यासाठी बरीच वर्षं सर्व्हेची कामं केली, त्यातली तीन-चार जमिनीची. त्यावरून सांगतो.

चिठ्ठ्या टाकणं चूक नाही, दहानं गुणणंही चूक नाही. किती घरांत म्हैस आहे हे काढायचं असतं तर याच पद्धतीनं आकडा झकास आला असता. आपल्याकडं दूध संस्था नसलेलं गाव शोधावं लागतं. कुठलीही पन्नास गावं उचला, चित्र साधारण तेच दिसणार. कंपनीची जमीन म्हशीसारखी गावोगाव नसते. ती हायवेच्या कडेला, एमआयडीसीच्या आसपास, आंबा-गगनबावड्याकडं रिसॉर्टवाल्यांच्या हातात, अशी ठरावीक ठिकाणी गोळा झालेली असते. मधली शेकडो गावं जवळजवळ कोरी.

कागद-पेन्सिल घ्या. समजा एका तालुक्यात १०० गावं आहेत. ९६ गावांत कंपन्यांची जमीन प्रत्येकी १ हेक्टर आणि ४ गावांत प्रत्येकी ५० हेक्टर. खरी बेरीज २९६ हेक्टर. आता १० गावं चिठ्ठीनं काढा. त्या चार गावांपैकी एकही न निघण्याची शक्यता ६५ टक्के, आणि तसं झालं तर तुमचा अंदाज १०० हेक्टर. एक गाव निघालं (शक्यता ३० टक्के) तर अंदाज ५९०. दोन निघाली (५ टक्क्यांहून थोडी कमी) तर १,०८०. म्हणजे २९६ च्या जवळपासचं उत्तर या पद्धतीत येऊच शकत नाही. हजारो वेळा चिठ्ठ्या टाकून सरासरी काढली तर ती २९६ वरच येते, म्हणून पुस्तकात ही पद्धत निर्दोष ठरते. पण सर्व्हेचे पैसे एकदाच मिळतात.

आता छापलेल्या चुकीकडं या, कारण खरी गोची तिथं आहे. ६५ टक्केवाल्या प्रसंगात तुमच्या हातातल्या दहाही गावांत नेमकी एकेक हेक्टर जमीन आहे. गावागावांत फरकच नाही, त्यामुळं सूत्रात घातलं की प्रमाण त्रुटी (अंदाज साधारण किती चुकू शकतो याचं माप, छापलेली चूक यावरूनच काढतात) येते शून्य. उलट एक मोठं गाव सापडलं की अंदाज ५९० आणि प्रमाण त्रुटी ४६५. या दुसऱ्या प्रसंगातला अहवाल लिहिणारा बिचारा घाबरून आकडा लपवतो, आणि ज्याला मोठं काही सापडलंच नाही तो छातीठोकपणे बोलतो. म्हणून या विषयात चुकीची मर्यादा फारच लहान दिसली की मला आधी संशय येतो. प्रमाण त्रुटी हाताला लागलेल्या गावांवरूनच काढतात. जे हुकलं त्याचा तिला पत्ता नसतो.

वीस टक्क्यांचं म्हणाल तर त्याच उदाहरणात २० गावं घेतली तरी ४० टक्के वेळा चारही मोठी गावं हुकतात. खर्च दुप्पट, फिरणं दुप्पट, आणि तरी निम्मा जुगारच.

उपाय साधा आहे. मोठी धेंडं चिठ्ठीवर सोडायची नाहीत. ती आधी यादी करून एकूण एक मोजायची, आणि चिठ्ठ्या फक्त उरलेल्या बारक्यांसाठी टाकायच्या. वरच्या उदाहरणात चार गावं पूर्ण मोजली आणि उरलेल्या ९६ मधून नुसती सहा काढली तर तेवढ्याच दहा गावांच्या कष्टात बरोबर २९६ येतं. प्रत्यक्षात इतकं गोड काही होत नाही, पण फरक याच दिशेनं पडतो. यादी कुठनं आणायची? कुळकायद्याच्या कलम ६३ खाली शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घ्यायला कलेक्टरची परवानगी लागते, त्या परवानग्यांची नोंद असते. बिनशेतीचे आदेश असतात. खरेदीखतांचं इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयातला खरेदीचा गोषवारा, असतं. हे सगळं गोळा करायला चपला झिजतात खऱ्या, पण सर्व्हेतला सगळ्यात मोलाचा महिना तोच.

काही जण गावाचं क्षेत्र जितकं मोठं तितकी त्याची निवड होण्याची शक्यता जास्त, अशी पद्धत वापरतात. ऐकायला बरी वाटते. पण शाहूवाडी-चंदगडकडची गावं क्षेत्रानं मोठी असतात ती डोंगर आणि जंगलामुळं. तिथं जास्त चिठ्ठ्या पडून कंपनीची जमीन जास्त सापडेल असं कुणी सांगितलं? निवडीचं वजन ज्याला द्यायचं त्याचा तुम्ही मोजताय त्या गोष्टीशी काही संबंध तरी हवा.

आमची एकदा झालेली फजिती सांगतो. एका तालुक्यात आम्ही आठ-आठ गावांचे दोन वेगळे संच काढले आणि दोन तुकड्यांना दिले. ही युक्ती संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिसांची. त्यांनी बंगालमधल्या पिकांच्या सर्व्हेत ती रुजवली: दोन स्वतंत्र नमुने, दोन स्वतंत्र तुकड्या, मग दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघायचं. (नमुना या शब्दावरून आमच्याकडं रोज गोंधळ. सातबारा हा गाव नमुना सात आणि बारा, निवडलेली गावं म्हणजे नमुना, आणि दुसऱ्या तुकडीचा म्होरक्या स्वतःच एक नमुना.) आमच्या दुसऱ्या तुकडीचा आकडा पहिलीच्या सहापट आला. गावांचा फरक असेल म्हणून दोन गावांची अदलाबदल केली. पहिल्या तुकडीनं दुसरीची गावं पुन्हा तपासली तर आकडा एकदम खाली.

मग सातबारे समोर घेऊन बसलो. दुसऱ्या तुकडीतल्या पोरानं वेळ वाचवायला कॉम्प्युटरवर 'लि.', 'मर्या.' आणि 'संस्था' हे शब्द शोधून जिथं सापडतील ते सगळे गट कंपनीच्या खात्यात टाकलेले. आता आपल्याकडचा कुठलाही सातबारा काढा. भोगवटादाराच्या रकान्यात शेतकऱ्याचं नाव आणि इतर हक्कात 'अमुक विकास सेवा सह. संस्था मर्या. बोजा'. पीककर्जाचा बोजा तो! तीस गुंठे ऊस लावणाऱ्या म्हाताऱ्याची जमीन आम्ही कर्ज देणाऱ्या सोसायटीच्या नावावर करून टाकली होती. त्याच यादीत एका गटाचं क्षेत्र ०.४०.०० असं होतं, म्हणजे ४० आर, जेमतेम एकरभर. भरताना त्याचे ४० हेक्टर झालेले. अशा एका चुकीला वर दहानं गुणलं की ४०० हेक्टरची कंपनी हवेतून उभी राहते.

ही चूक जास्त गावं घेऊन कमी होत नाही, हे लक्षात घ्या. सगळा जिल्हा तपासला असता तर सगळ्या जिल्ह्याचे बोजे मोजले असते. साताऱ्याकडच्या बुध गावात जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी पीककापणी प्रयोगांबद्दल (शेतातला एक तुकडा कापून त्यावरून उत्पन्नाचा अंदाज काढतात ते) हेच दाखवलं होतं. कापणीचा तुकडा फार लहान घेतला की कडेवरची रोपं आत ओढली जातात आणि उत्पन्न फुगतं. असे तुकडे कितीही घ्या, फुगवटा तसाच.

उलट बाजूनं हुकणारी जमीनही असते. एका गावात एका कारखानदाराचं नाव कुठल्याच सातबाऱ्यावर मिळेना. कोतवाल म्हणाला, "सायेब, त्या नावानं न्हाई घावायचं. शेटच्या मेव्हण्याच्या नावानं बघा." कलम ६३ मुळं मेव्हणा शेतकरी असला की सोय होते. सातबाऱ्यावर तो वैयक्तिक खातेदार, कंपनीच्या वहीत मात्र तीच मालमत्ता. यावर एक आडवाट आहे: २०२० च्या लेखापरीक्षण आदेशाप्रमाणं, ताळेबंदात दाखवलेल्या स्थावर मालमत्तेचं खत कंपनीच्या नावावर नसेल तर कुणाच्या नावावर आहे आणि तो संचालक किंवा त्याचा नातेवाईक आहे का, हे ऑडिटरला लिहावं लागतं. छोट्या प्रायव्हेट कंपन्यांना यातून सूट आहे, पण मोठ्यांचे मेव्हणे सापडतात.

मग प्रश्न येतो कंपनी कुणाला म्हणायचं. गोकुळ शिरगाव किंवा शिरोलीच्या एमआयडीसीतला प्लॉट कारखानदाराचा नसतो, तो ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं घेतलेला असतो, मालक महामंडळ. सहकारी साखर कारखाना कंपनी कायद्याखाली येतच नाही. त्याचा ऊसही सभासदांच्या रानात पिकतो. नगर-सोलापूरकडं खासगी साखर कारखान्यांचे मोठाले मळे होते, ते १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्यानंतर शेती महामंडळाकडं गेले. आणि पश्चिम महाराष्ट्र देवस्थान समितीच्या जमिनी धरायच्या की नाहीत? नुसत्या या व्याख्येवर आकडा दुप्पट किंवा निम्मा होऊ शकतो. ती अहवालात लिहिलेली नसेल तर पुढं वाचण्यात अर्थ नाही. शहरात सातबारा नाही, प्रॉपर्टी कार्ड. काही ठिकाणी एकाच जागेला दोन्ही असतात, मग तीच जागा दोनदा मोजली जाते.

सरकारी आकडे का वापरू नयेत, असं खाली कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७७ व्या फेरीत, २०१९ साली, ग्रामीण भागातल्या जमीन धारणेची माहिती घेतली. पण त्यात एकक आहे कुटुंब, आणि कंपनीच्या घरात चूल पेटत नाही. तिची जमीन तिथं दिसणारच नाही. दर पाच वर्षांनी होणाऱ्या कृषी गणनेत संस्थात्मक खातेदार असा वेगळा वर्ग असतो, तो उपयोगी. मात्र ती मालकी मोजत नाही, वहिती मोजते: जमीन कुणाची यापेक्षा कसतो कोण.

तुमच्या अहवालाच्या मागं परिशिष्टात निवडलेल्या गावांची यादी असेल. शिरोली, गोकुळ शिरगाव, कसबा सांगाव, तळंदगे या एमआयडीसीकडच्या गावांपैकी एखादं नाव त्यात आहे का बघा. असेल तर त्या गावातल्या जमिनीलाही सरसकट दहानं गुणलंय का, हे गावनिहाय तक्त्यावरून पडताळा. एकही नसेल तर ही गावं वेगळी काढून पूर्ण मोजली होती असं कुठं लिहिलंय का ते शोधा. यादी इथं टाकलीत तर मीही नजर घालीन. रविवारी मोकळा असतो.