जा की, खरं परत आल्यावरचे पैसे आधी बाजूला काढ

काय रे,

तुझा मेसेज परवा रात्रीच बघितला, उत्तर टाइप करायला बसलो आणि लांबतच गेलं, म्हणून आता हे पत्रच समज. सप्टेंबरअखेर कॉन्ट्रॅक्ट संपतंय, पुढचा क्लायंट नेक्स्ट क्वार्टरला बघू म्हणतोय, मार्केट थंड, मग बेळगावात टिळकवाडीत रूमवर बसून दिवसभर लिंक्डइन रिफ्रेश करण्यापेक्षा जानेवारी ते एप्रिल व्हिएतनामला जाऊन राहतो, एवढंच ना तुझं म्हणणं? जा की. मी नको म्हणणार असं धरूनच लिहिलायस ते कळालं मला, खरं मी कुठल्या तोंडानं नको म्हणू, मी स्वतः 2008 च्या मंदीत हेच करून बसलोय.

तेव्हा उद्यमबागेतल्या फौंड्रीतली ड्राफ्ट्समनची नोकरी सोडून मला दोन वर्षं झालेली, बाहेरच्या क्लायंटना कास्टिंगची ड्रॉइंग करून द्यायचो. सप्टेंबरात अमेरिकेतली लेहमन बँक बुडाली आणि दिवाळीपर्यंत माझा इनबॉक्स आटला. डिसेंबरात गोवा एक्सप्रेसनं दिल्ली, तिथनं गोरखपूर, सुनौलीची बॉर्डर, मग नेपाळातलं पोखरा. गल्लीत सगळे हसले, नेपाळ काय फॉरेन असतंय होय म्हणून. खरं आपल्याला व्हिसा लागत नाही आणि आपल्या 100 ला त्यांचे 160 मिळतात, हा रेट 1993 पासून तोच आहे. तेव्हा आपल्या 500 आणि 1000 च्या नोटा तिकडं न्यायला बंदी होती, म्हणून आईनं बनियनला आतून खिसा शिवून दिलेला, त्यात शंभराची बंडलं, बसमध्ये कुशीवर झोपलं की बरगडीला टोचायची. बॉर्डरवर कुणी काही विचारलं नाही, सरळ चालत गेलो. (2021 साली कोल्हापूरहून घरी येताना महाराष्ट्र-कर्नाटक हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर मात्र कोरोनाचा आरटीपीसीआर रिपोर्ट दाखवल्याशिवाय सोडेनात. आपण सीमाभागातली माणसं, बॉर्डर म्हणजे नक्की काय असतंय ते आपल्याला विचारावं.)

माझा प्लॅन तुझ्यासारखाच होता, फिरायचं आणि मधे मधे बारकी कामं घ्यायची. त्या हिवाळ्यात नेपाळात दिवसाला 16-16 तास लोडशेडिंग. लॉजच्या काउंटरवर टाइमटेबल चिकटवलेलं असायचं, कुठल्या वारी किती ते किती लाइट, आणि मी ते वाचून अलार्म लावून पहाटे तीनला उठून ड्रॉइंग रिव्हाइज करत बसायचो. धड काम झालं नाही, धड पोखऱ्याचा फेवाताल तलाव बघितला नाही. तुला लाइटचा प्रॉब्लेम येणार नाही, खरं अर्धं काम अर्धी सुट्टी हा प्रकार तसाच फसतोय, क्लायंटला तू अर्धवट वाटतोस आणि तुला सुट्टी अर्धवट वाटते. वर टुरिस्ट व्हिसा म्हणजे टुरिस्ट, तिथं बसून कामं करायची परवानगी त्यात धरू नकोस.

खरी गोष्ट पुढंच आहे. एप्रिलात परत आलो तेव्हा खात्यात 11 हजार. तिसऱ्या रेल्वे गेटला गेट पडलेलं, आता तिथं ओव्हरब्रिज झालाय, तेव्हा अर्धा अर्धा तास थांबायला लागायचं, मी स्कूटर बंद करून उभा आणि एका एजन्सीचा फोन आला. माझा रेट तासाला 18 डॉलर होता, तो 9 म्हणाला. मालगाडीचे डबे संपायच्या आत मी हो म्हणून मोकळा झालो. त्या 18 वर परत यायला मला दोन वर्षं लागली, कारण एकदा 9 ला केलंय म्हटल्यावर पुढचा प्रत्येकजण तिथनंच सुरू करतो. ट्रिपचा खर्च वहीत लिहिलेला, सगळं धरून 52 हजार. ते दोन वर्षं निम्म्या रेटनं राबलो तो खर्च कुठल्याच वहीत नाही.

म्हणून तुझा हिशोब मी उलटा करतोय. तू म्हणतोस 7 लाख साठलेत, व्हिएतनामला महिन्याला किती लागतील तेवढं सांगा. ते नंतर. आधी टॅक्सचे 80 हजार काढ, तो पैसा तुझा नव्हेच. घरी तू 35 हजार देतोस, ते तिकडं असतानाचे तीन महिने आणि परत आल्यावरचे सहा महिने, म्हणजे नऊ महिन्यांचे 3 लाख 15 हजार काढ. लॅपटॉप मेला, आण्णांना दवाखान्यात न्यायला लागलं, त्याला 75 हजार. उरले 2 लाख 30 हजार, तिकीट धरून यात बसव. बसत नसलं तर दिवस कमी कर, ते सहा महिने कमी करायचे नाहीत. मंदीत काम मिळायला वेळ लागतोय हे एक, आणि दुसरं म्हणजे पहिली फालतू ऑफर आली की नको म्हणायला खात्यात काहीतरी असायला लागतंय.

तीन महिने का म्हणालो? व्हिएतनामचा ई-व्हिसा 2023 च्या ऑगस्टपासून 90 दिवसांचा झालाय, चौथ्या महिन्यासाठी बाहेर पडून परत व्हिसा काढायची कटकट कशाला. आणि जानेवारीत जाऊच नकोस. अमेरिकेतल्या बऱ्याच कंपन्यांचं वर्ष जानेवारीला सुरू होतंय, अडकलेली बजेटं हलली तर त्यानंतर हलतात, आणि तू नेमका तेव्हा दा लातमध्ये कॉफी पीत बसणार? शिवाय मधे 15 मार्च येतो, प्रिझम्प्टिव्हमध्ये, म्हणजे जमेच्या ठरावीक टक्के नफा धरून टॅक्स भरायच्या स्कीममध्ये असलास तर सगळा अॅडव्हान्स टॅक्स त्या तारखेपर्यंत एकदम भरायचा असतो, आणि जीएसटी न भरता एक्स्पोर्टचं बिल करायचं हमीपत्र, म्हणजे एलयूटी, 31 मार्चला संपतं, ते नव्यानं करायचं. नोव्हेंबरात निघ, जानेवारीअखेर परत ये. तसंही 1 नोव्हेंबरला बेळगावात एकीकडं कर्नाटकाचा राज्योत्सव, दुसरीकडं आपला मराठी माणसांचा निषेधाचा काळा दिन, कुठला रस्ता कधी बंद होईल सांगता येत नाही, त्यामुळं आदल्या दिवशीच चोर्ला घाट उतरून गोव्यात पोच आणि तिथनं विमान धर. नोव्हेंबरात व्हिएतनामच्या मधल्या पट्ट्यात, होई अन आणि हुए साइडला, पाऊस-पूर असतो, म्हणून सुरुवात दक्षिणेकडनं कर.

बाकी बारीक सारीक भराभर सांगतो. बिल शून्य असलं तरी जीएसटी रिटर्न भरायलाच लागतंय, सीएला आत्ताच सांगून ठेव. बँकेचा ओटीपी येतो तो सिम रोमिंगवर चालू करून, रिचार्ज मारून ने, नंबर बंद पडला तर परक्या गावात स्वतःच्याच पैशाकडं बघत बसशील. तीन महिन्यांनी टॅक्सचं काही बदलत नाही, वर्षात 182 दिवस इथं भरले की टॅक्ससाठी तू भारताचा रेसिडेंटच, यूट्यूबवाल्यांचं ऐकू नकोस. ट्रॅव्हल इन्शुरन्स घे, आणि तिथं चालणारं लायसन नसताना स्कूटर घेऊन पडलास तर इन्शुरन्सवाले हात वर करतील हेही माहीत असू दे.

क्लायंटना ब्रेक घेतोय, बघू पुढं, असलं काही लिहू नकोस. फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारपासून मोकळा आहे एवढंच लिही, तारखेसकट. तारीख दिली की माणूस लक्षात ठेवतो.

आणि तुझं जे इन्व्हॉइस जुलैपासून अडकलंय म्हणालास, ते आल्याशिवाय तिकीट काढू नकोस. समोर असताना जो पैसे देईना तो तू तिकडं गेल्यावर काय देणार. शनिवारी संध्याकाळी घरी ये, त्याला पाठवलेले सगळे मेल घेऊन ये, काय लिहायचं ते बसून बघू. काकीनं थालीपीठ करते म्हणून सांगितलंय.