तडजोड पुरसीसवर सही केली. आता दाद कोठे मागावी?

प्रश्न : वडिलोपार्जित जमिनीच्या वाटपासाठी मी दोन्ही भावांविरुद्ध दावा लावला होता. गेल्या वर्षी थोरल्या भावाने ‘आपले ठरले तसेच लिहिले आहे’ असे सांगून तडजोड पुरसीसवर (न्यायालयात द्यायच्या तडजोडीच्या लेखी निवेदनावर) माझी सही घेतली आणि न्यायालयाने त्याप्रमाणे हुकूमनामा केला. नक्कल वाचल्यावर कळले, की माझ्या वाट्याचा विहिरीचा गट त्याच्या नावे लिहिला आहे. शिवाय दाव्यात नसलेला एक गटही त्यात घातला आहे. अपील करावे, की नवा दावा लावावा?
— एक वाचक भगिनी, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, या दोन्ही वाटा आपल्याला बहुधा बंद आहेत. संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९६(३) नुसार अपील चालत नाही आणि तडजोड बेकायदेशीर होती या कारणावरून नवा दावा लावण्यास आदेश २३, नियम ३-अ ची मनाई आहे. ज्या न्यायालयाने हुकूमनामा केला, त्याच न्यायालयात अर्ज करून ‘माझी संमती फसवून घेतली’ हे मांडावे लागते. नियम ३ प्रमाणे तडजोड लेखी, पक्षकारांच्या सहीची आणि कायदेशीर असावी लागते. फसवणुकीने घडवलेला करार कायदेशीर धरला जात नाही.

मात्र केवळ ‘मी वाचले नव्हते’ एवढ्यावर न्यायालय सहसा हुकूमनामा मोडत नाही, हे मला स्पष्ट सांगितले पाहिजे. म्हणून तडजोड नोंदवली त्या तारखेच्या रोजनाम्याची (न्यायालयाच्या त्या दिवसाच्या कामकाजाच्या नोंदीची) नक्कल आधी काढा. मजकूर वाचून दाखवला, समजला, मान्य आहे, अशी नोंद तिथे आहे का आणि त्या दिवशी आपण स्वतः हजर होता का, यावर पुष्कळ काही अवलंबून राहील. भावाने काय सांगितले, ते कोणासमोर सांगितले, हेही अर्जात तपशिलाने लिहा आणि अर्जास विलंब करू नका.

दाव्याबाहेरच्या गटाचा मुद्दा वेगळा आहे. दाव्याचा विषय नसलेल्या स्थावर मिळकतीवर तडजोडीने नव्याने हक्क निर्माण होत असेल, तर नोंदणी अधिनियम १९०८ च्या कलम १७ नुसार त्या हुकूमनाम्याची नोंदणी करावी लागते. नोंदणी झालेली नसेल, तर त्या गटाच्या फेरफारास तलाठी कार्यालयात लेखी हरकत घ्या.

वकिलाच्या खर्चाची चिंता असल्यास तालुका विधी सेवा समितीकडे जा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.